तोंडे वाढली, दिवसही वाढले

बेंगळुरूच्या कृष्णराजेंद्र मार्केटजवळ जुन्या किल्ल्याचा उरलासुरला भाग आहे. दिल्ली दरवाजा, त्यामागचे छोटे आवार आणि चारी बाजूंना शहराची वर्दळ. तटाच्या भिंतीत एक शिळा बसवलेली आहे. 21 मार्च 1791 रोजी या खिंडारातून इंग्रजांनी हल्ला चढवला, अशी तिच्यावर नोंद आहे. बघायला येणारे तिच्यासमोर फोटो काढतात आणि पुढे टिपू सुलतानाच्या उन्हाळी महालाकडे वळतात. मात्र खिंडार पडले तेव्हा त्या वर्षीची मोहीम निम्मीसुद्धा झाली नव्हती. पुढच्या दोन महिन्यांत तिचे काय झाले ते तोफांपेक्षा धान्याच्या गोण्यांनी आणि त्या वाहणाऱ्या बैलांनी ठरवले. त्या गोण्यांमागे जे गणित होते ते आपण सगळ्यांनी शाळेत सोडवलेले आहे.

इयत्ता आठवीच्या गणितात 'चलन' नावाचे प्रकरण असते. त्यात समचलनानंतर व्यस्तचलन येते आणि ते शिकवताना कोणत्या ना कोणत्या रूपात हे उदाहरण येतेच: एका छावणीत 30,000 माणसांना 40 दिवस पुरेल एवढा शिधा आहे, आणखी 10,000 माणसे आली तर तो किती दिवस पुरेल? रीत सोपी आहे. आधी गुणाकार करायचा. 30,000 गुणिले 40 म्हणजे 12,00,000. म्हणजे कोठारात एका माणसाच्या एका दिवसाच्या खुराकाचे बारा लाख वाटे आहेत. आता खाणारी तोंडे 40,000 झाली, म्हणून 12,00,000 भागिले 40,000. उत्तर 30 दिवस. माणसे वाढली तेव्हा दिवस घटले, गुणाकार तेवढाच राहिला. बीजगणितात हेच 'क्ष × य = क' असे लिहितात. क्ष वाढला की य त्याच प्रमाणात कमी होतो आणि 'क' हा चलनाचा स्थिरांक जागचा हलत नाही.

ही रीत आपल्याकडे फार जुनी आहे. ब्रह्मगुप्ताने सातव्या शतकात ती दिली. भास्कराचार्यांनी 1150 च्या सुमारास लिहिलेल्या 'लीलावती'त त्रैराशिकाला लागूनच व्यस्त त्रैराशिक येते. मागणी वाढली की फळ घटते आणि मागणी घटली की फळ वाढते, अशा जागी उलटे त्रैराशिक मांडावे, असा त्यांचा नियम आहे. तिथले एक उदाहरण धान्याचेच आहे. सात आढकांच्या मापाने रास मोजली तर शंभर मापे भरतात. पाच आढकांच्या मापाने किती भरतील? उत्तर 140. माप लहान झाले, मापांची संख्या वाढली, रास तेवढीच राहिली. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी चाळीसगावजवळ पाटण येथे मठ स्थापला. 1207 च्या दानाची नोंद असलेला तिथला शिलालेख एकोणिसाव्या शतकात डॉ. भाऊ दाजी लाड यांनी उजेडात आणला. युरोपातही हाच नियम उलटे त्रैराशिक म्हणून शिकवला जाई आणि वेढ्यात सापडलेल्या किल्ल्यातली शिबंदी हे इंग्रजी अंकगणितातले नेहमीचे उदाहरण होते. तेव्हा 1791 साली या मोहिमेत उतरलेल्या सगळ्याच लष्करांत हा हिशेब येणारी माणसे होती. हिशेब सगळ्यांना येत असताना तो कोलमडला, म्हणून ही मोहीम पुन्हा सांगण्याजोगी आहे.

पुण्याचा तह आणि बेंगळुरूचा वेढा

डिसेंबर 1789 च्या अखेरीस टिपूने इंग्रजांचे दोस्त असलेल्या त्रावणकोरच्या तटबंदीवर हल्ला केला आणि इंग्रजांना युद्धाचे कारण मिळाले. गव्हर्नर जनरल लॉर्ड कॉर्नवालिस याने पेशवे आणि निजाम या दोघांनाही जोडून घेतले. पुण्यात नाना फडणीसांच्या कारभारात 1 जून 1790 रोजी तह झाला. निजामअलीशी जुलैत झाला. पहिल्या वर्षीची मोहीम जनरल मेडोजच्या हाती होती, ती फसली. मग कॉर्नवालिस स्वतः डिसेंबरात मद्रासला उतरला आणि फेब्रुवारी 1791 मध्ये घाट चढून म्हैसूरच्या पठारावर आला. 5 मार्चला त्याचे सैन्य बेंगळुरूसमोर उभे राहिले.

हे शहर मराठ्यांना परके नव्हते. दीडशे वर्षांपूर्वी आदिलशाहीच्या वतीने शहाजीराजांनी इथे ठाणे केले होते आणि व्यंकोजींच्या काळापर्यंत ती जहागीर भोसल्यांकडे होती. 1791 मध्ये बेंगळुरू ही टिपूची दुसऱ्या क्रमांकाची जागा होती: दगडी किल्ला, त्याला लागून विणकर-व्यापाऱ्यांची भरलेली पेठ, आणि भोवती काटेरी झाडांचे दाट कुंपण. 7 मार्चला इंग्रजांनी पेठ घेतली. तिच्या दरवाजावर त्यांचा तोफखान्याचा नामांकित अधिकारी मूरहाउस पडला. टिपूने पेठ परत घेण्याचा प्रयत्न त्याच दिवशी केला, तो परतवला गेला. नंतर दोन आठवडे तोफा चालल्या आणि 21 मार्चच्या रात्री किल्ला पडला. किल्लेदार बहादूरखान लढताना मारला गेला.

विजय मोठा होता. पण घेणारे सैन्य आतून पोकळ होत चालले होते. वेढा घालणाऱ्यांना टिपूच्या घोडदळाने बाहेरून घेरले होते. मोकळ्या रानात वैरणीला जाण्याची सोय नव्हती. घाट चढून आलेले तोफांचे बैल दिवसेंदिवस खंगत होते, मरत होते. पेठेत सापडलेला दाणागोटा काही काळ पुरला. त्या काळच्या लष्करात लढणाऱ्या एका माणसामागे तीन-चार न लढणारी माणसे असत: मोतद्दार, गाडीवान, भिस्ती, स्वयंपाकी, दुकानदार, कबिले. आपण त्यांना बाजारबुणगे म्हणतो. शिध्याच्या हिशेबात मात्र शिपाई आणि बुणगा असा फरक नसतो. तोंड ते तोंड.

निजामाचे दहा हजार स्वार

टिपूच्या घोडदळाला तोंड द्यायचे तर आपल्याजवळही घोडदळ हवे, या हिशेबाने कॉर्नवालिस बेंगळुरूहून उत्तरेला सरकला. एप्रिलच्या मध्यास तेजवंतसिंगाच्या हाताखाली निजामाचे सुमारे 10,000 स्वार त्याला येऊन मिळाले. कागदावर बळ वाढले. स्वारांनी दूरवर फिरून वैरण आणावी, शत्रूची रसद मारावी, बातमी काढावी, अशी अपेक्षा होती. एकदोन चकमकींत मार खाल्ल्यावर ते इंग्रजी चौक्यांच्या आडोशाबाहेर पडेनासे झाले. छावणीतलाच चारा आणि छावणीतलेच धान्य त्यांना लागू लागले.

वर मांडलेले उदाहरण हेच. 30,000 आणि 40 दिवस हे आकडे मी समजण्यासाठी घेतले आहेत. पण घडले ते त्याच साच्यात. दहा हजार नवी तोंडे आली, त्यांच्याबरोबर साठा आला नाही, आणि दिवस वजा झाले. शिवाय स्वाराबरोबर घोडा असतो. घोड्याच्या चंदीला रोज जे हुलगे किंवा हरभरे लागतात, ते माणसाच्या शिध्यापेक्षा कितीतरी जास्त.

बैल स्वतःच ओझे खाऊ लागला

4 मे रोजी सैन्य बेंगळुरूहून श्रीरंगपट्टणकडे निघाले. थेट वाट चन्नपट्टणवरून जाणारी, सुमारे 125 किलोमीटरची. टिपूने त्या पट्ट्यातली गावे उठवली, गवत जाळले, धान्य हलवले. म्हणून कॉर्नवालिसने दक्षिणेची, कनकपुऱ्याकडची, डोंगराळ आणि अवघड वाट धरली. ओझ्याला बैल पुरेनात. अधिकाऱ्यांचे तंबू आणि सामान कमी केले. जड तोफगोळे छावणीतल्या बायका-मुलांनी मजुरीवर एकेक करून वाहून नेले.

इथे बैलाचा हिशेब जवळून पाहण्यासारखा आहे. समजा, एका बैलाच्या पाठीवर 60 शेर धान्य आहे. वाटेत गवत मिळाले तर बैल चरून पोट भरतो आणि मुक्कामाला साठच्या साठ शेर उतरतात. गवत जळालेले असेल तर त्याला पाठीवरच्या ओझ्यातले खाऊ घालावे लागते. रोज तीन शेर धरले तरी दहा दिवसांत तीस शेर त्याच्याच पोटात जातात आणि मुक्कामाला निम्मे पोचते. वीस दिवस लागले तर बैल पोचतो, गोणी रिकामी असते. शिपाई तेवढेच राहिले, गोण्याही तेवढ्याच मोजल्या, तरी 'क' रोज आटत राहिला. टिपूने गवताला लावलेली आग थेट इंग्रजांच्या स्थिरांकाला लागली. म्हैसूरच्या राजांनी पिढ्यान् पिढ्या जोपासलेल्या आणि टिपूने 'अमृतमहाल' नाव दिलेल्या बैलांच्या जोरावर त्याचे स्वतःचे लष्कर झपाट्याने हलत असे. त्यामुळे बैल थकवणे म्हणजे लष्कर थकवणे, हे त्याला पुरते ठाऊक होते.

13 मे रोजी सैन्य श्रीरंगपट्टणच्या पूर्वेला अरकेरे येथे पोचले. 15 मे रोजी लढाई झाली आणि इंग्रजांनी टिपूला बेटाच्या आश्रयाला रेटले. राजधानी डोळ्यांसमोर होती. पण कावेरी चढली होती, पाऊस सुरू झाला होता आणि गुरांत साथ पसरली होती. मुंबईचे सैन्य घेऊन जनरल अबरक्रॉम्बी पश्चिमेला पेरियापट्टणजवळ थांबला होता. त्याला गाठण्यासाठी नदी ओलांडायला हवी होती. वरच्या अंगाला कन्नंबाडीपाशी उतार मिळेल म्हणून सैन्य तिकडे सरकले. आज तिथे कृष्णराजसागर धरण आहे. त्या वाटेवर बैलांच्या जागी माणसे तोफा ओढत होती.

अर्धा शिधा

शिधा निम्मा केला गेला. गणितात याचा अर्थ असा की हिशेबात तिसरी राशी आली: माणसे × दिवस × रोजचा शिधा = साठा. माणसे तीच ठेवून रोजचा शिधा निम्मा केला की दिवस दुप्पट होतात. हेही व्यस्तचलनच, आणि कागदावर निर्दोष. पण अर्धपोटी माणूस आणि उपाशी बैल एका दिवसात पूर्वीएवढी मजल मारत नाहीत. मजल निम्मी झाली की तेवढ्याच वाटेला दुप्पट दिवस लागतात, कारण वेग आणि वेळ यांचेही नाते व्यस्तच आहे. एका हाताने मिळवलेले दिवस दुसऱ्या हाताने खर्च होतात. अर्धा शिधा तटाआड बसलेल्या शिबंदीला तारतो. चालणाऱ्या फौजेला तो फार दिवस तारू शकत नाही.

21 मेच्या सुमारास अबरक्रॉम्बीला परत फिरण्याचा हुकूम गेला. 22 मे रोजी कॉर्नवालिसने वेढ्याचा अवजड तोफखाना आपल्या हाताने नष्ट केला. बेंगळुरूचा तट ज्या तोफांनी फोडला त्याच या तोफा. शत्रूने त्यांतली एकही हिसकावली नव्हती. ओढायला बैल नव्हते आणि थांबून राहायला धान्य नव्हते. अमेरिकेतल्या यॉर्कटाउनला दहा वर्षांपूर्वी शरण गेलेल्या या सेनापतीवर दुसऱ्यांदा मोठी नामुष्की आली होती. 26 मे रोजी सैन्य माघारी निघाले.

मराठ्यांची छावणी

पहिल्याच मजलेत मेलुकोट्याच्या बाजूने घोडदळाची एक टोळी पुढे आली. शत्रूच चालून आला असे समजून इंग्रजांनी बंदुका सरसावल्या. मग कळले की हे मराठे आहेत आणि मागून हरिपंत फडके आणि परशुरामभाऊ पटवर्धन यांची सबंध फौज येत आहे. एवढी मोठी फौज इतकी जवळ आली तरी इंग्रजांना वार्ता नव्हती. मधल्या मुलखात टिपूच्या लोकांनी हरकारे आणि जासूद अडवले होते. ही बातमी आठवडाभर आधी मिळती तर तोफा फोडाव्या लागल्या नसत्या.

भाऊ आधीच्या सप्टेंबरपासून धारवाडला वेढा घालून बसले होते. मुंबईहून आलेली कॅप्टन लिटलची पलटण त्यांच्याबरोबर होती. टिपूचा किल्लेदार बद्रुज्जमानखान याने सहा महिन्यांहून अधिक काळ किल्ला लढवला आणि एप्रिलच्या आरंभी तो खाली केला. त्यानंतर भाऊ तुंगभद्रा उतरून दक्षिणेला आले आणि पुण्याहून निघालेले हरिपंत तात्या त्यांना येऊन मिळाले. या मोहिमेची मराठी पत्रे वासुदेवशास्त्री खरे यांनी पटवर्धनांच्या दप्तरातून काढून 'ऐतिहासिक लेखसंग्रहा'त छापली आहेत. इंग्रजी बाजूने लिटलच्या पलटणीतल्या एडवर्ड मूरने 1794 मध्ये आपला वृत्तांत प्रसिद्ध केला.

मराठी छावणीत शिरल्यावर इंग्रज अधिकारी थक्क झाले ते तिथला बाजार पाहून. त्यांच्या लिखाणांत या बाजाराची वर्णने आहेत. हिंदुस्थानातल्या नाना टांकसाळींची नाणी मांडून बसलेले सराफ, काश्मिरी शालींपासून विलायती बनातीपर्यंत आणि चाकूंपासून जुन्या कपड्यांपर्यंत सगळा माल, आणि या सगळ्याहून मोलाचे म्हणजे धान्य. भाव चढे होते. पण पैसा मोजला की माल मिळत होता. काही दिवस उपाशी असलेली फौज त्या बाजारावर सावरली.

आता हाच प्रसंग आठवीच्या वहीत मांडू. पुन्हा आकडे केवळ समजण्यासाठी. इंग्रजी छावणीत 40,000 माणसे आणि पाच दिवसांचा साठा: 2,00,000 वाटे. मराठी छावणीत 60,000 माणसे आणि चाळीस दिवसांचा साठा: 24,00,000 वाटे. दोन्ही एकत्र आल्यावर साठा 26,00,000 आणि माणसे 1,00,000. दिवस 26. इंग्रजांची तोंडे चाळीस हजारांवरून एक लाखावर गेली आणि दिवस पाचावरून सव्वीसांवर गेले. दोन्ही एकदम वाढले. व्यस्तचलनाचे सूत्र डोळे मिटून लावणारा विद्यार्थी इथे पाच गुणिले चाळीस हजार भागिले एक लाख करून दोन दिवस असे उत्तर देईल, आणि फौजेला त्याच दिवशी सामान टाकून पळायला सांगेल.

एप्रिलमध्ये निजामाचे स्वार आले तेव्हा दिवस घटले. मेअखेर मराठे आले तेव्हा दिवस वाढले. दोन्ही वेळा माणसेच आली होती. फरक येणाऱ्यांनी बरोबर काय आणले याचा होता, आणि तो एका ओळीत मांडता येतो. म माणसांजवळ द दिवसांचा साठा आहे. त्यांना न माणसे त दिवसांचा साठा घेऊन मिळाली. तर एकूण दिवस (मद + नत) ÷ (म + न). पहिल्या द दिवसांशी तुलना केली तर होणारा फरक न(त − द) ÷ (म + न). सगळा निकाल त − द या कंसात आहे. येणाऱ्यांजवळ आपल्यापेक्षा जास्त दिवस असतील तर आपले दिवस वाढतात, कमी असतील तर घटतात, तेवढेच असतील तर काहीच बदलत नाही. निजामाच्या स्वारांसाठी त शून्य धरा: 10,000 गुणिले उणे 40, भागिले 40,000, म्हणजे उणे दहा. मराठ्यांसाठी 60,000 गुणिले 35, भागिले 1,00,000, म्हणजे अधिक एकवीस. शाळेतले व्यस्तचलन हा या मोठ्या सूत्राचा एक खास प्रकार आहे. येणारा रिकाम्या हाताने येतो तेव्हाचा.

साठा कुणाचा?

मराठी फौजेजवळ हे दिवस आले कुठून? एक कारण तिच्या घडणीत आहे. मराठी लष्कर हे चालते गाव होते. सरकारी कोठीतून शिधा मिळणारे लोक थोडे. बाकीचे आपापल्या रोजमुऱ्यावर बाजारात विकत घेणारे. त्यामुळे वाणी, सराफ, बैलांचे तांडे घेऊन फिरणारे लमाण यांना लष्कराबरोबर राहण्यात नफा होता. धान्य संपत आले की भाव चढे, भाव चढला की तांडे लांबून येत. कोठारात स्थिर 'क' साठवण्याऐवजी वाहता 'क' बरोबर ठेवण्याची ही पद्धत होती. तिची किंमत रोकड्याने द्यावी लागे, आणि रोकडा कमी पडला की लष्कर अडे. हरिपंतांनी लवकरच कॉर्नवालिसकडे मोठे कर्ज मागितले, आणि चीनच्या व्यापारासाठी निघालेली चांदी मद्रासला उतरवून घेऊन कॉर्नवालिसने ते पुरे केले.

दुसरे कारण सांगताना मान खाली घालावी लागते. त्या बाजारातले बरेच धान्य आणि बराच माल वाटेतल्या गावांमधून लुटून आणलेला होता. भाऊंच्या फौजेबरोबरच्या पेंढाऱ्यांनी 1791 मध्ये शृंगेरीचा मठही लुटला. शंकराचार्यांच्या पीठावर झालेला हा घाला आपल्याच बाजूच्या लोकांनी केला, आणि मठाची घडी पुन्हा बसवायला मदत टिपूने पाठवली. त्याची शृंगेरीच्या स्वामींना लिहिलेली कन्नड पत्रे 1916 मध्ये मठाच्या दप्तरात सापडली. टिपूने गवत जाळले तेव्हाही होरपळला तो रयतेचाच मुलूख. छावणीचा 'क' वाढतो तेव्हा कुणाच्या तरी खळ्यावरचा, कणगीतला 'क' तेवढाच कमी झालेला असतो. फौजेच्या हिशेबात ती वजाबाकी कोणी लिहीत नाही. म्हैसूरच्या कुणब्याने मात्र ती भोगली. 1791 चा कोणताही प्रामाणिक इतिहास ही वजाबाकी लिहिल्यावाचून पुरा होत नाही.

दुसरी चढाई

कॉर्नवालिस जुलैत बेंगळुरूला परतला आणि त्याने सर्वांत आधी पुरवठ्याची घडी बदलली. कॅप्टन अलेक्झांडर रीडच्या मार्फत लमाण-बंजाऱ्यांच्या तांड्यांना बोलावले. त्यांचे बैल वेठीला धरायचे नाहीत, त्यांना संरक्षण द्यायचे, आणि धान्य त्यांनी बाजारभावाने विकायचे, असा हा व्यवहार होता. म्हणजे मराठी छावणीत पाहिलेली रीत इंग्रजांनी उचलली. मागचा मार्ग मोकळा करण्यासाठी ऑक्टोबरात नंदीदुर्ग आणि डिसेंबरात सावनदुर्ग घेतला. भाऊ दरम्यान शिमोग्याकडे वळले होते आणि ते शेवटी उशिराच आले. हरिपंत मात्र कॉर्नवालिसबरोबर राहिले. फेब्रुवारी 1792 मध्ये दोस्तांची फौज पुन्हा श्रीरंगपट्टणसमोर उभी राहिली. 6 तारखेच्या रात्री बाहेरची तटबंदी पडली. मार्चमध्ये तह झाला. टिपूने निम्मे राज्य आणि तीन कोटी तीस लाख रुपये द्यायचे कबूल केले आणि दोन मुलगे ओलीस दिले. मराठ्यांची हद्द पुन्हा तुंगभद्रेला भिडली. सैनिक तेच होते, शत्रू तोच होता, अंतरही तेवढेच होते. या वेळी धान्य मागून येत राहिले.

सात वर्षांनी तोच हिशेब पुन्हा समोर आला. एप्रिल 1799 मध्ये जनरल हॅरिस श्रीरंगपट्टणला वेढा घालून बसला होता. गोण्यांची संख्या पुरेशी दिसत होती. 16 एप्रिलला त्या उघडून मापल्या तेव्हा गळती आणि चोरीमुळे आतला तांदूळ फारच कमी भरला. लढणाऱ्या माणसांनाच आणि तोही अर्धा शिधा दिला तर अठरा दिवस पुरेल एवढा. पुऱ्या शिध्याने नऊ दिवस. बुणग्यांना त्यात जागाच नव्हती. त्या दिवसापासून वेढ्याची सगळी घाई या आकड्याने ठरली. 4 मे रोजी अखेरचा हल्ला झाला आणि टिपू लढताना पडला. 16 एप्रिल ते 4 मे हे बरोबर अठरा दिवस होतात. गोण्या मोजणे आणि गोण्यांतले धान्य मोजणे यातला हा फरक भास्कराचार्यांच्या आढकाच्या उदाहरणाशी थेट जोडलेला आहे. मापांची संख्या सांगून भागत नाही, मापात किती मावते तेही सांगावे लागते.

वर्गात काय शिकवावे

पेशवाई गेल्यावर काही वर्षांतच मुंबईत कॅप्टन जॉर्ज जर्व्हिस यांनी जगन्नाथशास्त्री क्रमवंत यांच्या साह्याने चार्ल्स हटनच्या गणिताचे मराठी रूपांतर केले. हटन हा वुलिचच्या लष्करी विद्यालयात शिकवणारा प्राध्यापक. तोफखान्याच्या उमेदवारांसाठी घडलेले गणित अशा वाटेने आपल्या छापील पुस्तकांत आले आणि शिधा-शिपायांची उदाहरणे आपल्याकडे कायमची रुळली. आज शिपायांच्या जागी वसतिगृहातले विद्यार्थी, हौदाचे नळ, रस्ता बांधणारे मजूर येतात. रीत तीच आहे आणि ती चांगली आहे.

तरी माझे आग्रहाचे म्हणणे असे आहे की या रीतीची पहिली पायरी आपण वगळतो. मुले 'जास्त माणसे, कमी दिवस' हे पाठ करतात आणि गुणाकार-भागाकाराला लागतात. त्याआधी एक प्रश्न विचारायला हवा: इथे काय स्थिर आहे, आणि ते खरोखर स्थिर आहे का? साठा गळतो का? वाहणारा त्यातूनच खातो का? नवा येणारा काही घेऊन येतो का? मजूर दुप्पट केले तर रस्ता निम्म्या दिवसांत होईल हे उत्तर फावडी पुरेशी असतील तरच बरोबर आहे. हे प्रश्न गणिताबाहेरचे नाहीत. समीकरण मांडणे म्हणजे हेच प्रश्न विचारणे; नंतरची आकडेमोड कोणीही करील.

म्हणून शिक्षकांनी आठवीच्या फळ्यावर एकाच तासाला दोन उदाहरणे शेजारी-शेजारी लिहावीत. एप्रिल 1791: छावणीत 30,000 माणसे, 40 दिवसांचा शिधा, 10,000 स्वार रिकाम्या हाताने आले. मे 1791: छावणीत 40,000 माणसे, पाच दिवसांचा शिधा, 60,000 माणसे आपला चाळीस दिवसांचा बाजार घेऊन आली. दोन्ही मुलांकडून सोडवून घ्यावीत. पहिल्याने त्यांना व्यस्तचलनाचे सूत्र येईल, आणि दुसऱ्याने ते सूत्र कुठे लावायचे नाही हे कळेल.